शेठ अकराला आरवतो

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. देव मानते, नवस मानते, अमावास्येला पोरावरून नारळ उतरवून टाकायची... पण "अमक्याला आवाज आला, तमकीला सावली दिसली" असं कोणी सांगायला लागलं की मी सरळ म्हणायची, "बाई गं, बीपी चेक कर आधी." ह्या सदरातले अनुभव मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवायची आणि सगळ्यात जास्त हसणारी मीच. आता माझाच लिहितेय. मोबाईलवर टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात तळमजल्यावर एक खोली आणि किचन, एवढंच आमचं. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. घरात मी आणि माझा मुलगा प्रथमेश. बावीस वर्षांचा होता. दोन्ही किडन्या गेलेल्या, सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. त्याला पाणी मोजून द्यायचं. उन्हाळ्यात तो नुसता ग्लासाकडे बघत बसायचा आणि मी ग्लास उचलून आत न्यायची. आईने करायचं काम आहे का हे, सांगा.

त्याची कॉट खिडकीला लागून. खिडकीच्या खाली कंपाउंड, समोर पंपरूम, पंपरूमला टेकून एक जुनं गोणपाट. त्या गोणपाटावर बंड्या राहायचा. बंड्या म्हणजे सोसायटीचा कुत्रा, काळा, एक कान फाटका, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

एकदा पिल्लंवाला आला. टोपलीत रंगवलेली कोंबडीची पिल्लं असतात ना, गुलाबी, पोपटी, पिवळी... प्रथमेशने खिडकीतून एक गुलाबी घेतलं. मी कामावरून येऊन बघते तर बुटाच्या खोक्यात चिवचिव. म्हटलं, "अरे, दोन दिवसांत मरतात ही." म्हणाला, "मग दोन दिवस राहू दे."

तिसऱ्या दिवशी पिल्लू गजातून खाली पडलं, ते थेट बंड्यासमोर. मी म्हटलं, संपलं! बंड्याने हुंगलं, शिंकला, आणि त्याच्याभोवती गोल होऊन झोपून गेला. त्या दिवसापासून पिल्लू त्याच्या पोटाशीच. गुलाबी रंग उडाला आणि खालून तांबडा निघाला. तुरा आला, शेपटी आली, चाल तर अशी की जणू सोसायटी त्याच्याच नावावर आहे. प्रथमेशने नाव ठेवलं शेठ.

शेठ बंड्याच्या कानातल्या गोचिड्या टिपून काढायचा आणि बंड्या डोळे मिटून बसायचा. मी भात टाकला की आधी शेठने चार दाणे टिपायचे, तोवर बंड्या मान खाली घालून उभा. मांजर आली की शेठ ओरडायचा आणि बंड्या धावायचा. झोपताना बंड्या गोणपाटाच्या एका बाजूला सरकायचा, दुसरी बाजू शेठची. प्रथमेशचा सगळा दिवस ह्या दोघांना बघण्यात जायचा. डायलिसिसवरून आला की तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण मान खिडकीकडे.

एकदा मला म्हणाला, "आई, ह्यांना एकमेकांची भाषा तरी येते का गं? मग कसं जमतं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, तूच विचार."

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी गणपतीनंतर त्याच्या छातीत पाणी झालं, आयसीयूत होता. डॉक्टर नीट बोलेनात. मी कपडे न्यायला घरी आले, तर दारात शेठ उभा. तांबडा कोंबडा. आमच्या गावच्या राखणदार देवाला तांबडाच कोंबडा लागतो. माझ्या डोक्यात आलं, हा देवानेच धाडलाय... नाहीतर रंगवलेलं पिल्लू जगतं का कधी? मी देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं, त्याच्या डोक्याला लावलं आणि म्हटलं, पोराला घरी आण, हा तुझा. बंड्या तिथेच बसून बघत होता.

प्रथमेश आठव्या दिवशी घरी आला.

मग मी काय केलं? चालढकल. आज रजा नाही, उद्या गाडीचं बुकिंग नाही. खरं कारण खिडकीखाली गोणपाटावर झोपलेलं असायचं. उन्हाळा आला आणि पोराला परत धाप लागायला लागली. गावाहून दीर फोनवर म्हणाले, "वैनी, कोंबडं झाकून ठेवलंस म्हणून तांबडं फुटायचं राहतं काय? देवाचं देऊन टाक." मी विचारलं, "भाऊजी, दुसरा घेऊन आले तर?" ते म्हणाले, "कुंकू लावलंस ना त्याला? मग तो त्याचा झाला. बदलून दिलास तर तो पण बदलून घेईल."

बदलून काय घेईल ते मला कळलं होतं.

प्रथमेशला सांगितलं तर उठून बसला. "आई, नको ना. बाजारात शंभर कोंबडे मिळतील. हा नको." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच करतेय ना रे?" तर म्हणाला, "मी सांगितलं होतं का? ते दोघं बघ, मुके आहेत तरी एकमेकांचं ऐकतात. आपण दोघं एकच भाषा बोलतो आणि तुला माझं एक ऐकू येत नाही."

हंसाबेन, समोरच्या, मी कामावर असले की त्याच्याकडे बघायच्या. त्या पण म्हणाल्या, "बेन, ए तो जीव छे. भगवान ऐसे नहीं मांगते." मी फटकन बोलले, "तुमच्या देवाचं तुम्ही बघा, आमच्या देवाचं मी बघते." असं बोलायला नको होतं.

मंगळवारी सकाळी निघाले. डायलिसिस गुरुवारी, तोवर परत येणार होते. शेठला दाणे दाखवून धरला, पिशवीला भोक पाडून मान बाहेर काढली. बंड्या भुंकला नाही. त्याने पिशवीचा बंद दातात धरला. चावला नाही, ओढलं पण नाही, फक्त धरून उभा राहिला. वॉचमनने त्याला काठी दाखवली तेव्हा सोडला. प्रथमेशने तोंड भिंतीकडे केलेलं. मी "येते रे" म्हटलं. रिक्षात बसले तेव्हा खिडकीतून आवाज आला, "वाटेत त्याला पाणी पाज."

बुधवारी राखणदाराला कोंबड्याची राखण दिली. गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. शेठ फडफडला पण नाही. भाऊजींनी मोबाईल बघितला, म्हणाले, "अकरा वाजून गेले, आटपा." झालं. मी हात जोडून उभी, मनात एकच — आता माझं पोर वाचलं.

देवळाजवळ रेंज नाही. वर रस्त्याला आले तर हंसाबेनचे सात मिस्ड कॉल.

मी पोचेपर्यंत प्रथमेशला बर्फावर ठेवलेला. पुढचं सगळं मला हंसाबेनने तेराव्यानंतर सांगितलं. आधी त्यांची हिंमतच झाली नाही. बुधवारी अकरा वाजता त्या खिचडी घेऊन आल्या. तेवढ्यात खिडकीखाली कोंबडा आरवला. एकदा नाही, तीनदा. हंसाबेनच्या हातातला चमचा पडला. बंड्या उठला, शेपटी हलवायला लागला आणि गोणपाटाच्या एका बाजूला सरकून झोपला. प्रथमेशला खिडकीतून काय दिसलं देव जाणे. तो हसला आणि म्हणाला, "आली वाटतं आई. बघा, नाही दिला तिने."

मग उशीवर मान टाकली. श्वास लागला. वॉचमन रिक्षा आणायला धावला, पण तोवर सगळं संपलं होतं.

किती महिन्यांनी माझं पोर माझ्यावर खूश झालं होतं. आणि ते मी न केलेल्या गोष्टीसाठी.

मला वाटलं, हंसाबेन माझं मन राखायला सांगतायत. वॉचमनला विचारलं. तो उलट मलाच विचारायला लागला, "मौसी, मुर्गा तो आप ले गई थीं ना? फिर बोला कौन?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ऐकलं होतं. पेपरवाल्याने पण. आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं. आज सात महिने झाले, दर बुधवारी अकराच्या सुमाराला शेठ आरवतो. आजूबाजूच्या चार बिल्डिंगा मी पालथ्या घातल्या, मागच्या झोपड्यांत जाऊन विचारून आले. कोणाकडे कोंबडा नाही.

सगळे ऐकतात. मलाच ऐकू येत नाही.

खोटं वाटेल, पण खरंच नाही येत. बुधवारी रजा टाकून खिडकीत बसते. अकरा वाजतात. बंड्या मान वर करतो, शेपटी हलवतो, सरकून जागा करतो. हंसाबेन दारातून माझ्याकडे बघतात आणि लगेच खाली बघतात. मी समजते, आरवला. मला फक्त पंपाची घरघर ऐकू येते. कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, एकदम नॉर्मल. हंसाबेनने फोनवर रेकॉर्डिंग केलं, ते कारखान्यातल्या बायकांना ऐकवलं. मी काही न सांगता नुसतं लावलं, तर एक जण म्हणाली, "अगंबाई, कोंबडा पाळलाय वाटतं?" मी तेच रेकॉर्डिंग कानाला लावून शंभर वेळा ऐकलंय. पंप. नुसता पंप.

कोणी म्हणतं, मनाचे खेळ आहेत. पण मग खेळ कोणाच्या मनाचा? आख्खी बिल्डिंग वेडी आणि मी एकटी शहाणी, की उलटं? भाऊजी म्हणतात, शांती करून घे. मी म्हटलं, आता कोणासाठी? ज्याच्यासाठी एवढं केलं तो राहिला कुठे?

बंड्या माझ्या हातचं खात नाही. हंसाबेनने दिलं तर आधी मान खाली घालून उभा राहतो, चार दाणे टिपायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि मग खातो. मी जवळ गेले की गुरगुरत नाही, काही नाही. नुसता उठून लांब जाऊन बसतो. त्यापेक्षा एकदा चावला असता तर बरं झालं असतं.

ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण मला धीर द्यायला म्हणून काही लिहू नका.

एक गोष्ट मात्र मी हंसाबेनना पण सांगितलेली नाही. इथे सांगते. एसटीत गर्दी होती, पिशवी मांडीवर, उन्हाची बाजू. दुपारनंतर शेठची चोच उघडी पडली होती. माझ्याकडे बाटली होती. मी ती दोनदा तोंडाला लावली, स्वतःसाठी. पोराचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं ते, आणि मी शेठला पाणी पाजायला विसरले.

गोणपाटाशेजारी मी रोज स्टीलच्या वाटीत पाणी ठेवते. संध्याकाळपर्यंत वाटी रिकामी होते. ऊन असेल, कावळे असतील, बंड्या असेल. मी परत भरते.