दिवेलागणीची प्रार्थना

माझी पत्नी सुशीला गेल्यानंतरच्या दोन वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही, आणि त्यांतल्या एकाही रविवारी मी प्रार्थना केली नाही. आज हे कबूल करायला सोपं जातं. तेव्हा ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो. सकाळी उठून दोन्ही मुलींना आंघोळ घालायची, वेण्या घालायच्या (माझ्या हातच्या वेण्या चर्चच्या पायरीपर्यंतही टिकत नसत), इस्त्रीचे फ्रॉक चढवायचे आणि मुलुंडच्या आमच्या चाळीपासून चर्चपर्यंत वीस मिनिटं चालत जायचं. मुलींची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, आणि चर्चमधली भक्ती चुकवणार नाही, असा शब्द मी सुशीलाला दिला होता. तो मी पाळत होतो. पण आत बाकावर टेकलो की मला बसवत नसे. गीत सुरू झालं की गीतपुस्तक चाळत राहायचो, उपदेश सुरू झाला की पंखे बघत राहायचो, आणि मधेच पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन फाटकापाशी येरझारा घालायचो.

सुशीलाला पोटाचा कर्करोग झाला होता. आठ महिने आम्ही तिच्यासाठी मागणं मागितलं. सगळ्या मंडळीने एक दिवस उपास केला, पाळकसाहेब दर बुधवारी इस्पितळात येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून जायचे. ती गेली तेव्हा थोरली रूथ सहा वर्षांची होती आणि धाकटी एस्तेर, जिला आम्ही सगळे बेबीच म्हणायचो, जेमतेम दोनची. त्यानंतर मी देवाशी भांडलोही नाही. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

आमच्या शेजारच्या खोलीत परबकाकी राहायच्या. मालवणकडच्या. त्यांचे यजमान लालबागच्या गिरणीत होते. तिथलं काम सुटल्यावर आमच्याच भागातल्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले होते. मूलबाळ नव्हतं. सुशीलाच्या आजारपणात काकींनी आमचं घर सांभाळलं आणि ती गेल्यावर मुलींना सांभाळलं. मी आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होतो. दुपारपाळी असली की रूथ शाळेतून थेट काकींकडे जायची, बेबी तर दिवसभर तिथेच असायची. सकाळपाळी असली तरी संध्याकाळी दोघी तिथेच असायच्या, कारण मला दिवेलागणीला घरात थांबवत नसे. ती सुशीलाची मुलींना घेऊन प्रार्थनेला बसायची वेळ. मी चपला सरकवून निघायचो, आग्रा रोडने जकात नाक्यापर्यंत चालत जायचो आणि परत फिरायचो. काम काहीच नसायचं. पाय थकले की घरी यायचो, काकींकडून जेवलेल्या मुलींना उचलून आणायचो.

एका रविवारी चर्चहून परतताना रूथने विचारलं, "पप्पा, प्रार्थना चालू असताना तुम्ही डोळे उघडे का ठेवता?"

"तुला काय माहीत? तूही उघडे ठेवतेस म्हणजे," मी हसून म्हणालो.

ती हसली नाही. "मी फक्त तुमच्याकडे बघायला उघडते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माझ्याकडे जे नाही ते या पोरींना मी कुठून देणार, हा प्रश्न पाठ सोडेना. आठ वर्षांच्या मुलीला जे दिसतं ते उद्या धाकटीलाही दिसणार. आपण त्यांना नुसतं हात धरून चर्चला नेतो आणि आत गेल्यावर त्यांना रिकामा बाप दाखवतो, असं वाटायला लागलं. त्यातूनच मनात आलं की यांना नगरला पाठवावं. तिकडे मुलींचं एक मिशनचं वसतिगृह होतं. तिथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, शिकवायला बायका आहेत, वेण्या घालायला मोठ्या मुली आहेत. तिथे कोणीतरी खऱ्या मनाने त्यांना देवाविषयी सांगेल. मी स्वतःला बजावत होतो की हे मुलींच्या भल्यासाठी आहे. ते अर्धंच खरं होतं. मला सुटका हवी होती.

प्रवेशासाठी पाळकांचं पत्र लागत असे. एका रविवारी भक्ती संपल्यावर मी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन बोललो. त्यांनी कारण विचारलं नाही.

"पत्र देतो," ते म्हणाले. "रूथचं पाठांतर चांगलं आहे, तिला लगेच घेतील. बेबीचं वय बसत नाही, पण बहिणीबरोबर घेतील कदाचित. एवढा बाल-रविवार होऊ द्या, मग लिहितो."

रूथ तेव्हा मागच्या खांबाजवळ बेबीच्या सँडलचा पट्टा लावत बसली होती. तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

बाल-रविवारी आमच्याकडे सगळी भक्ती मुलं चालवत. वाचन मुलांचं, गीतं मुलांची, दानाच्या थैल्याही मुलंच फिरवत. रूथला तेविसावं स्तोत्र तोंडपाठ म्हणायचं होतं. महिनाभर ती घोकत होती, एक शब्द चुकत नव्हती. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती नीट चालत पुढे गेली, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली, आणि गप्प बसली.

शब्बाथ शाळेच्या बाईंनी पहिला शब्द हळूच सांगितला. रूथ गप्पच. बाईंनी पुन्हा सांगितला. मागे कोणीतरी खाकरलं, बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. पोर घाबरलीय म्हणावं, तर तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओठ घट्ट मिटलेले होते. सुशीला हट्टाला पेटली की असेच मिटायची.

तेवढ्यात माझ्या शेजारून बेबी खाली उतरली. मी फ्रॉक पकडायला हात पुढे केला, तो हवेतच राहिला. चार वर्षांची ती पोर मधल्या वाटेने टपाटप चालत गेली, ताईचा हात धरून उभी राहिली, डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली.

तिला कोणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमात तिचं नाव नव्हतं. ताईला येत नाही तर आपल्याला जे येतं ते म्हणावं, एवढंच तिच्या मनात आलं असणार. आवाज बारीक होता, पण एकेक ओळ क्रमाने येत होती. ‘आम्हाला’ म्हणायच्या जागी ती दर वेळी ‘आमका’ म्हणत होती. पहिल्या ‘आमका’ला काही जण हसले. दुसऱ्यापासून कोणी हसलं नाही. हळूहळू एकेक जण उभा राहिला आणि शेवटच्या ओळी सगळ्या मंडळीने तिच्याबरोबर म्हटल्या. मी उभा राहिलो की नाही ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता: हिला हे शिकवलं कोणी? आई गेली तेव्हा ही धड बोलतही नव्हती. मी तर दोन वर्षांत घरात देवाचं नावही काढलं नव्हतं.

परतताना बेबीला कडेवर घेतलं होतं. रूथ खाली बघत चालत होती.

"विसरलीस का गं?" मी विचारलं.

"नाही. मला सगळं येत होतं."

"मग म्हटलं का नाहीस?"

ती थांबली. "म्हटलं असतं तर तुम्ही आम्हाला नगरला पाठवलं असतं ना? पाळकसाहेब म्हणाले, पाठांतर चांगलं आहे, लगेच घेतील."

रस्त्याच्या मधोमध मी उभा राहिलो. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, "ओ साहेब, मरायचंय काय?" तेव्हा रूथने माझा हात धरून मला कडेला ओढलं. स्वतःचं येत असलेलं स्तोत्र सगळ्या मंडळीसमोर गिळून टाकण्याएवढी ती माझ्याजवळ राहू इच्छित होती, आणि मी तिला लांब पाठवायची तयारी करत होतो. मग मी विचारलं, "बेबीला प्रार्थना तू शिकवलीस?"

"काकींनी," रूथ म्हणाली. "आम्ही रोज म्हणतो. त्या दिवा लावतात, त्यांचं म्हणून होतं, मग आम्हाला म्हणतात, आता तुमचा म्हणा."

घरी पोचल्यावर मुलींना खोलीत सोडून मी तसाच काकींच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "काकी, आज बेबीने चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हटली."

त्यांचा चेहरा उतरला. परक्या धर्माच्या बाईने मुलींना काहीबाही शिकवलं म्हणून मी जाब विचारायला आलोय, असंच त्यांना वाटलं.

"भाऊ, माझा काय चुकला असात तर सांगा," त्या म्हणाल्या. "माका लिहूक-वाचूक येना नाय. तुमच्या देवाचा माका काय म्हायत? पन सुशीलान जसा सांगल्यान, तसा मी केलंय."

"सुशीलाने?"

मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या महिन्यात दुपारी इस्पितळात काकी तिच्याजवळ बसायच्या. एकदा सुशीला त्यांना म्हणाली की ह्यांचं मन आता थाऱ्यावर नाही. मी गेले की हे काही दिवस देवाशी बोलणार नाहीत. त्यांना कोणी काही बोलू नका, दटावू नका. पण पोरींची संध्याकाळची प्रार्थना तेवढी चुकू देऊ नका.

"मी म्हटलंय, गे बाय, माका ती खंय येता?" काकी डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "तर माझ्याकडसून पाठ करून घेतल्यान. पंधरा दिवस. बोलताना धाप लागा, तरी सोडूक नाय. एक दिवस मी न चुकता म्हटलंय, तेव्हा हसली."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसलो. सुशीलाच्या अंत्यविधीला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ते त्या दुपारी आलं. मी देवावर रुसून गप्प झालो, ते मला स्वतःलाही कळायच्या आधी तिला कळलं होतं. मरणाच्या खाटेवरून तिने माझ्यासाठी वेळ मागून ठेवला होता, आणि तेवढा वेळ माझ्या मुलींना सांभाळायला एक बाई नेमून ठेवली होती. मी जकात नाक्यापर्यंत पाय तोडत होतो, तेव्हा माझ्या घरची प्रार्थना भिंतीपलीकडे रोज चालू होती. एकही संध्याकाळ चुकली नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाहेर गेलो नाही, काकींकडे गेलो. काकींनी त्यांच्या देवांपुढे दिवा लावला, हात जोडून त्यांचं म्हटलं, आणि मुली दुसऱ्या कोपऱ्यात चटईवर जाऊन बसल्या. मला बघून बेबीने सरकून जागा केली. मी बसलो. काकी नेहमीसारख्या म्हणाल्या, "आता तुमचा म्हणा," आणि स्टोव्ह पेटवायला वळल्या.

मी मुलींबरोबर म्हणायला लागलो. दोन वर्षांनी आपलाच आवाज ऐकताना कानाला विचित्र वाटत होतं. मुली माझ्यासाठी सावकाश म्हणत होत्या. अपराधांची क्षमा मागायची ओळ आली तिथे मी अडकलो. शब्द आठवत होते, पण तोंडातून निघत नव्हते. ज्यांच्यावर माझा राग होता त्यांत डॉक्टर होते, उपास करणारी मंडळी होती, आणि खरं सांगायचं तर ज्याच्यापुढे मी बसलो होतो तोही होता. मुलीही थांबल्या. मी ती ओळ सोडून पुढची धरू लागलो.

तेव्हा स्टोव्हला पंप मारता मारता, मागे न बघता, काकी म्हणाल्या, "भाऊ, क्षमेचा ऱ्हवला."

मग मी मागे येऊन ती ओळ म्हटली.

मुली नगरला गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी मी पाळकसाहेबांना पत्र नको म्हणून सांगितलं. "मी अजून लिहिलंच नव्हतं," ते म्हणाले. एका दिवसात माझा विश्वास परत आला, असं मात्र मी म्हणणार नाही. कित्येक संध्याकाळी मी नुसता शेजारी बसून मुलींचं ऐकत असे, आणि पाय अजूनही बाहेर पडायला शिवशिवत. पण मुलांना देव द्यायचा तो माझ्या बळावर, ही जी धडपड मी चालवली होती, ती हळूहळू सुटली. माझे हात रिकामे होते तेव्हाही त्याचं काम थांबलं नव्हतं. त्याने ते एका मालवणी बाईच्या स्वयंपाकघरात चालू ठेवलं, तिच्याच बोलीत. दोघी मुली आता मोठ्या झाल्या आहेत, आपापल्या मुलांना घेऊन चर्चला जातात. मंडळीत कोणी मला विश्वासाची साक्ष द्यायला उभं केलं की मी हीच गोष्ट सांगतो. आधी प्रभूचे आभार मानतो, मग सुशीलाचे, मग परबकाकींचे. कधी कधी हा क्रम चुकतो, आणि मी तो दुरुस्त करत नाही.