साधूंपासून मालकांपर्यंत

मठवाल्या काकांना कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नसे. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" तर ते सांगायला लागायचे, "मंगळवारी सकाळी उठलो तेव्हा काहीच दुखत नव्हतं." मग मंगळवार संपायचा, बुधवार उजाडायचा आणि डॉक्टर घड्याळाकडे बघायचे. मी शेजारी त्यांची टोपी धरून बसलेली. दुखणं गुडघ्यात आहे हे मला ठाऊक असायचं. पण मी तोंड उघडलं की काका चौकातल्या पोलिसासारखा हात वर करायचे. "क्रमानं जाऊ, सुमनबाई."

न्यूयॉर्कपासून जवळ, आयसेलिनला ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत ते एकटे राहायचे. माझ्या मुलाचं घर तिथून जवळ. मुलगा-सून कामावर गेले की घर मला खायला उठायचं, म्हणून सुनेनंच ओळख काढून मला काकांकडे स्वयंपाकाला लावून दिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी येत नाही, आणि मराठीतसुद्धा चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे सरकते. काकांना ऐकणारं माणूस हवं होतं. मी पोळ्या लाटायची आणि ते मठाची हकिगत सांगायचे.

लग्न झाल्यावर काका आधी इंग्लंडात होते, कापडगिरणीत इंजिनिअर. गावाबाहेर एक जुनी दगडी इमारत होती, तिच्यातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. मी तिला मठ म्हणाले तर त्यांना आवडलं नाही. "मठ नव्हे, प्रायरी. मोठ्या मठाच्या हाताखालचा लहान मठ."

"म्हणजे मठच की," मी म्हणाले.

त्या दिवशी ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मात्र स्वतःच सुरू झाले, "तर त्या मठात आधी साधू होते." तेव्हापासून माझ्या मनात ते मठवाले काका.

साधू बिचारे थंडीत कुडकुडत पहाटे प्रार्थना करायचे, तळ्यात मासे पाळायचे. मग सहा बायकांचा राजा आला. इथे काका चष्मा काढून पुसायचे. राजानं साधूंना हाकललं आणि छपरावरचं शिसंसुद्धा उपटून नेलं. मग मठ मिळाला राजाच्या एका मर्जीतल्या माणसाला. मग एक लोकरीचा व्यापारी, त्यानं प्रार्थनेच्या जागेत मेंढ्या बांधल्या. मग कर्नल, ज्यानं मोठ्या खिडक्या पाडल्या आणि जुगारात घर घालवलं. मग बिअरवाला, ज्यानं तळघरात पिंपं भरली. मग मुलींची शाळा. एवढ्यात माझी कणीक संपायची, नाहीतर काकांना डुलकी लागायची. पुढे कोण आलं हे मला कळायचंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबलो तिथून पुढे म्हणाल तर नाही. पुन्हा साधू.

मला याचा राग यायचा. माझ्यापुरता असता तर मी गिळलाही असता. राग यायचा तो नीनासाठी.

नीना त्यांची एकुलती एक लेक, जन्म इथलाच. न्यूयॉर्कला वकिली करते. दर रविवारी गाडी काढून यायची. काकू गेल्या तेव्हा ती अगदी लहान होती. आई म्हटलं की तिला एक निळी शाल आठवते, आणि ती शाल खरी बघितलेली की फोटोतली, हेही तिला सांगता येत नसे. जेवताना ती विचारायची, "बाबा, आई कशी होती? टेल मी समथिंग. काहीपण."

काका लगेच सरसावून बसायचे. "तुझी आई प्रायरीत आली तेव्हाची एक गंमत आहे. पण त्याआधी प्रायरी म्हणजे काय ते कळलं पाहिजे. आधी तिथे साधू होते."

"बाबा, नॉट द मंक्स अगेन."

"क्रमानं जाऊ."

राजापर्यंत ती थांबायची. व्यापाऱ्यापर्यंत तिचा फोन वाजायचा. कर्नलला ती बूट घालत असायची, कारण पुलावर ट्रॅफिक लागतो, आणि मुलींची शाळा तिला दाराबाहेर पडता पडता ऐकू यायची. जाताना स्वयंपाकघरात डोकावून मला म्हणायची, "मावशी, बाबा नेव्हर टॉक्स अबाउट हर. त्यांना आईपेक्षा ती बिल्डिंग आवडते." मी तिच्या हातात डबा द्यायची. दुसरं काय देणार?

एकदा मी धीर करून काकांना बोलले. "काका, पोरीला आईबद्दल सांगा ना. मठ राहू दे."

"तेच तर सांगतोय," काका म्हणाले. "तो भाग यायचाय अजून."

तो भाग मला कळला तो माझ्याच तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे. मी वांगी चिरत होते. बोलता बोलता म्हणाले, "आमचे मालक असते तर त्यांना ही भरली वांगी फार आवडली असती." आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात. नाव कोण घेणार? काका एकदम हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मग म्हणाले, "आमची हीसुद्धा तसंच म्हणायची." आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते मधूनच सांगू लागले.

रविवारी गावातले एक म्हातारे मास्तर लोकांना मठ दाखवायला आणायचे. काकूंच्या खिडकीखाली उभे राहून सगळे मालक ओळीनं सांगायचे. एकदा त्यांनी वर बघून काकूंना विचारलं, आता इथला ओनर कोण? खरी मालकीण दूर समुद्रकाठी राहायची, कधी फिरकायची नाही. काकू नव्यानं आलेल्या, इंग्रजी बेताचं. पण ओनर म्हणजे मालक एवढं त्या शिकल्या होत्या. त्यांनी दाढीचा साबण तोंडाला लावलेल्या काकांना दंडाला धरून खिडकीत आणलं आणि म्हणाल्या, "धिस. माय ओनर."

मास्तरांनी हॅट काढून नमस्कार केला. पुढच्या रविवारपासून त्यांच्या यादीत शेवटी एक वाक्य वाढलं: आणि हल्लीचे मालक, हिंदुस्थानातून आलेले एक सद्गृहस्थ. मग सगळे वर बघायचे आणि काकांना खिडकीतून हात हलवावा लागायचा. काकू पडद्यामागे पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायच्या. काका रागावले तर म्हणायच्या, "खोटं काय सांगितलं? मालक म्हणजे मालक."

"दर रविवारी वेणीफणी करून ती आधीच खिडकीशी जाऊन बसायची," काका म्हणाले. "त्या एका वाक्यासाठी. तिला इंग्रजी समजायचं नाही, पण सगळे मालक पाठ झाले होते. बिअरवाला आला की मला कोपरानं ढोसायची. आता आपण येणार म्हणून."

मी सुरी खाली ठेवली. "काका, हे नीनाला सांगा. एवढंच सांगा. बाकीचं नको."

"नुसतं तेवढं सांगून कसं चालेल? आधीचे सगळे मालक ऐकल्याशिवाय त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"मग मी सांगते तिला."

"तुम्ही नाही. मालक मी आहे," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसले.

त्या रविवारी मी मुद्दाम पुरणपोळी केली, नीना जास्त वेळ बसावी म्हणून. काकांनी साधूंपासून सुरुवात केली. मी दारात उभी राहून मनातल्या मनात त्यांना ढकलत होते. चला, राजाला आटपा. चष्मा नका पुसू. ते कर्नलच्या खिडक्यांपाशी आले तेव्हा नीनाचा फोन वाजला. ती उठली. "बाबा, सॉरी, नेक्स्ट संडे. प्रॉमिस." काकांनी हात वर केला तो तसाच राहिला. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण मी तिच्या हातात पुरणपोळीचा डबा दिला.

पुढचा रविवार आला नाही. शुक्रवारी काका झोपेतच गेले.

तेरा दिवस झाल्यावर नीना घर आवरायला आली. मी भांडी कागदात गुंडाळत होते. ती काकांच्या खुर्चीत बसून म्हणाली, "मावशी, तुझ्याशी तरी कधी बोलले का, आईबद्दल?"

मी तोंड उघडलं. खिडकी, दाढीचा साबण, सगळं ओठांवर होतं. आणि मी म्हणाले, "आधी तिथे साधू होते."

"ओ गॉड. मावशी, तूसुद्धा?"

मला माझाच राग आला. पण दुसरीकडून सुरुवात करता येईना. राजा सांगितला, शिसं सांगितलं, मेंढ्या सांगितल्या. मग म्हणाले, "मग आला बिअरवाला."

"नाही," नीना म्हणाली. "आधी कर्नल. खिडक्यांवाला. मग बिअर. मग गर्ल्स स्कूल." सांगता सांगता ती थांबली. तिला सगळं पाठ होतं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग मला माहीत नाही. आय ऑलवेज लेफ्ट."

मग मी काकू सांगितल्या. "धिस. माय ओनर," हे माझ्या इंग्रजीत सांगितलं, बहुधा काकूंसारखंच. नीना हसली आणि हसता हसता चिडली. "एवढंच होतं? मग एका मिनिटात सांगायचं ना त्यांनी."

"तेच मी त्यांना म्हणत होते," मी म्हणाले.

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "परत सांग ना." मी मास्तर, हॅट, पदराचा बोळा, सगळं परत सांगितलं. तिनं मान हलवली.

"अशी नाही येत मजा, मावशी. साधूंपासून सांग."

पुलावर तेव्हा ट्रॅफिक असणार. तिनं पायातले बूट काढून ठेवले होते.