गणपतीच्या दाराने गावाला

मरोळच्या कारखान्यात प्रेसखाली माझा डावा पाय गेला, त्यानंतर दोन वर्षं मी गणपतीला गावी गेलो नाही. घरातला थोरला मी. वडील गेल्यापासून मूर्ती मखरात माझ्याच हाताने बसायची. धाकटा भाऊ गावीच राहायचा. त्याने निरोप धाडला, "दादा, तू दगदग करू नको. मी बसवतो, तुला प्रसाद पाठवतो." प्रसाद काय, पोस्टानेही येतो. तिसऱ्या वर्षी मी सांगून टाकलं, मी येणार आणि मूर्ती मीच बसवणार.

अडचण होती गाडीची. आमच्या गावकरी मंडळाची गाडी मरोळहून सुटायची आणि वाटेत घाटकोपरची माणसं घ्यायची. तिची पहिली पायरी माझ्या कमरेला लागायची. दार एवढं अरुंद की मी आत तर कुबड्या बाहेर, कुबड्या आत तर मी बाहेर. "आम्ही उचलतो की," पोरं म्हणाली. उचलतात ती पोती. मी पोतं नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, मुंबईहून मूर्ती नेतात त्या कुठून चढवतात? मागच्या दारातून. ते रुंद असतं, वर लिहिलेलं असतं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. पुढून चढवायची तर मूर्ती वाकडी करावी लागते, आणि देवाला वाकडं कोण करणार? म्हणून मागे टेबल लावायचं, मूर्ती पाटासकट टेबलावर, तिथून वर. मी म्हटलं, "मी त्याच दाराने जाणार."

"अहो, तो देव आहे," बायको म्हणाली.

"मग मी काय भाडेकरू आहे?"

चाळीच्या क्लबातली हातांची खुर्ची आली, टेबलही तिथलंच. मी खुर्चीत बसलो, चौघांनी उचललं. पण अख्खी चाळ गॅलरीत उभी. मला कुणी असं उचलताना बघावं हे मला चालणार नव्हतं. गावी पोचेपर्यंत मूर्तीचं तोंड आम्ही कपड्याने झाकतो. त्यासाठी आणलेल्यातला एक पिवळा टॉवेल उरला होता. तो मी डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढला.

"आत कोण आहे ते सगळ्या चाळीला माहीत आहे," बायको म्हणाली.

"माहीत असू दे. दिसायला नको."

चढलो झकास. टेबल क्लबाचं, ते मागेच राहिलं. आणि घाटकोपरला गाडीने दगा दिला. ड्रायव्हर खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "वाट लागली. दुसरी मागवतो." सगळे उतरले. मूर्ती उतरवून फूटपाथवर चटईवर ओळीने ठेवल्या. मलाही पोरांनी खुर्चीसकट झेललं आणि ओळीच्या शेवटी ठेवलं. "दादा, दोन मिनिटं," म्हणून ती चहाला गेली. बायको पाणी आणायला गेली. रस्ता वर्दळीचा, कोणी ओळखीचं भेटायचं, म्हणून मी टॉवेल परत ओढून घेतला. गावाला जायचं म्हणून धोतर नेसलो होतो, खांद्यावर उपरणं होतं. उरलेला पाय मी खुर्चीत वर घेतला होता. पोट माझं पहिल्यापासूनच जरा पुढे.

"आई गं, केवढी मूर्ती!" एका बाईचा आवाज आला. "इकडे ये गं, अगदी जिवंत वाटते."

"पोट बघ किती सुबक," दुसरी म्हणाली. "पण सोंड कुठंय?"

"टॉवेलात असेल."

"हात दोनच गं."

"बाकीचे गावाला लावत असतील."

माझ्या अंगठ्याला कुंकू लागलं. मांडीवर नारळ आला. बोललो असतो तर घाटकोपरभर झालं असतं की मरोळचा तो दादा टॉवेल पांघरून बसलाय. मी श्वास धरून बसलो, आणि चांगला बसलो होतो. पण त्या बाईने उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला असावा. सगळा धूर टॉवेलाखाली.

"बाई," मी म्हटलं, "उदबत्ती जरा लांब धरा."

एक बाई किंचाळून पायावर पडली. दुसरी शहाणी, तिने टॉवेलच ओढला.

"अहो, हा तर माणूस आहे!"

"मग? मी कुठे काय म्हटलं?"

"आधी बोलता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

गर्दी जमली. पोरं चहाचे कप हातात घेऊन हसत होती. बायको हसून हसून रस्त्यावरच बसली. तेवढ्यात दुसरी गाडी आली. टेबल मरोळला. "दादा, आता उचलूनच घेतो," पोरं म्हणाली. टॉवेल तर गेलेला, सगळं घाटकोपर बघतंय. आता लपवायचं काय राहिलं होतं? बाजूला सार्वजनिक गणपतीचा मांडव बांधत होते. कामगार आडव्या पट्ट्या ठोकलेल्या फळीवरून वरखाली करत होते.

"ती फळी आणा," मी म्हटलं. "आणि मला कोणी हात लावायचा नाही."

फळी मागच्या दाराला लावली. मी तिच्यावर पाठमोरा बसलो. टाच पट्टीला, दोन्ही हात मागे, नारळ धोतराच्या ओच्यात, आणि एकेक पट्टी मागे मागे सरकत वर. धोतराची रया गेली. पोरं नुसती बघत राहिली. वर पोचलो तेव्हा कुंकूवाली बाईच ओरडली, "गणपती बाप्पा!" सगळा रस्ता म्हणाला, "मोरया!"

मग तिला आठवलं. "अहो, तो नारळ द्या. खऱ्याला आणला होता."

"माझ्या मांडीवर ठेवलात ना? मी पोचवतो त्याला."

मांडववाले फळी मागत गाडीमागे धावले. दिली नाही. उतरायचं कशाने? पुढे कितीतरी वर्षं ती फळी मंडळाच्या गाडीतून गावी गेली, आणि माझ्याआधी गुडघे धरलेल्या काकी तिच्यावरून चढायच्या. वर मलाच म्हणायच्या, "सरक रे, घाई आहे."

गावी पोचलो तर भाऊ सोवळं नेसून मखरापुढे उभा. "दादा, आलास कसा?"

"चढून," मी म्हटलं. "सरक."

मूर्ती मीच बसवली. मग घाटकोपरचा नारळ फोडला. गोड निघाला.