पोत्यावरचं दुसरं नाव
कुकर उघडला आणि इंद्रायणीचा वास घरभर पसरला की मला रिहे गावातलं आमचं खळं आठवतं. आमच्या शेतकरी संस्थेचा तांदूळ त्या वर्षी पहिल्यांदाच परदेशी जाणार होता. भाताच्या प्रत्येक पोत्यावर कोड लावलेला, त्यावर मोबाईल धरला की भात कुणाच्या खाचरातला ते कळायचं. सगळ्या नोंदी मी केल्या होत्या आणि त्याचा मला तोराही होता. खरेदीदार कंपनीचे साहेब तपासणीला आले. पेंढ्याच्या धुळीत उभं राहून त्यांनी एका पोत्याचा कोड वाचला, माझ्या चुलतीचं नाव आलं, आणि साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात चुलतीच पुढं झाली. "सायेब, ह्ये पोतं एकटीचं न्हाई. आमी सावडीनं झोडतो, आज शेजारणीचं, उद्या माजं. दोघींचं उरलेलं ह्यात भरलंय." माझी नोंद साहेबांसमोरच चुकीची ठरली. "काकू, गप बसायचं की," मी पुटपुटले. "का म्हनून? तितं लांब कुनीतरी नाव वाचनार. त्यानं खोटं का वाचावं?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खळ्यावरच बसून मोबाईलवर त्या पोत्याच्या नोंदीत शेजारणीचं नाव घातलं. त्यांनी पुन्हा कोड वाचला, दोन्ही नावं आली. "आता बाकीची पोती तपासायची गरज नाही," ते चुलतीकडं पाहून म्हणाले आणि सगळा माल मंजूर केला. आज मी गावोगाव ही नोंदणी शिकवते. माझ्या फॉर्मवर एक रकाना जास्तीचा असतो, 'सावडीला कोण होतं?' तो कुणी घातला असं विचारलं की मी मान ताठ करून सांगते, माझ्या चुलतीनं.