'आहे' आणि 'असावं'

'आहे' आणि 'असावं' यांच्यातला फरक सोवळ्यासारखा पाळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, ते म्हणजे अकोल्याचे आमचे ब्लॉगवाले सर. विधी महाविद्यालयात शिकवायचे आणि कायदा व नीती यांवर मराठीत ब्लॉग लिहायचे. लिहायचे म्हणजे रफिकच्या नेट कॅफेत बसून सांगायचे. टाइप रफिक करायचा. "सर, हे वाक्य मलेच समजून नाही राहिलं, वाचणाऱ्याले काय समजीन?" असं तो मधेच विचारायचा आणि सर वाक्य बदलायचे. वाचणारे आम्ही चार-पाच जण, त्यात रफिकही धरलेला. मी अमरावतीला वकिली करायचो. ब्लॉगवर त्यांच्याशी वाद घालायचो आणि वाद अडला की गाडी धरून अकोल्याला जायचो.

कायदा काय आहे आणि काय असावा, यांत गल्लत करू नका, हे ते विद्यार्थ्यांना सांगत तसंच भाजीवालीलाही सांगत. एकदा आम्ही एसटीने निघालो होतो. गाडी मूर्तिजापूरला थांबेल का, असं त्यांनी कंडक्टरला विचारलं. "थांबाले पायजे," तो म्हणाला. सर खुलले. "हा नियम सांगता की अंदाज?" कंडक्टरने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टिकिट काढलं का तुमी?" लग्नात नवरी पाया पडली तर 'सुखी राहशील' म्हणणं त्यांना जमत नसे. "सुखी असावंस, असं माझं मत आहे," म्हणायचे. नवरी बिचारी नवऱ्याकडे बघायची.

ते दिवस मात्र हसण्याचे नव्हते. पेपर उघडला की कुण्या शेतकऱ्याचं, त्याच्या गावाचं नाव आणि खाली 'विष प्राशन'. रफिककडे झाडूपोछा करणाऱ्या वच्छलाबाईंचा नवरा तसाच गेला. सरकारी मदतीच्या अर्जावर शेरा आला, 'अपात्र'. पुढे पोळ्याला गावी गेल्या असताना त्यांनीही फवारणीचं औषध घेतलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, जीव वाचला आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. "मेला तो अपात्र, वाचली ते आरोपी," रफिक म्हणाला. "लिहा सर यावर."

सरांनी लिहायला घेतलं. मरू पाहणाऱ्याला शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार राज्याला पोचतो का, यावर तीन लेख. तिसरा सांगत होते तेव्हा मीही तिथे होतो. वच्छलाबाई फरशी पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

"सर, मले सजा होईन का?"

"होऊ नये," सर म्हणाले.

"होऊ नये ते मलेबी समजते. होईन का, ते सांगा."

रफिकचे हात थांबले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही होणार. तुम्ही सुटाल."

बाईंनी पोछा पिळला आणि पुढची फरशी पुसायला घेतली.

"हे टाइप करू का, सर?" रफिकने हळूच विचारलं.

"नको."

सर मला स्टेशनवर सोडायला आले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी आज निकाल देऊन बसलो हो. अधिकार नसताना." तिसरा लेख अर्धाच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात हृदयविकाराने सर गेले.

वच्छलाबाईंचं प्रकरण आता मी चालवतो. सर असताना घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. परवा पुन्हा पुढची तारीख पडली. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या.

"वकीलसाहेब, सर मले खोटं तं नाही ना बोलले?"

'नसावेत' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो.