गाडीच्या टेपचं अपडेट

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली आणि त्या खडखडाटात कान तिथेच गमावले. घरात मोबाइल कानाला लावून दिला तरी त्यांना काही उमगत नसे. पण डिंडोलीत आमच्या बिल्डिंगखाली गाडीच्या काचा वर करून टेपचा आवाज पूर्ण सोडला, की आईने म्हटलेली कानबाई देवीची गाणी त्यांना ऐकू येत. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ज्यात ती गाणी रेकॉर्ड केली होती, तो तिचा मोबाइलही बिघडला. रेकॉर्डिंग उरलं होतं ते फक्त टेपच्या मेमरीत. रोज संध्याकाळी आबा पुढच्या सीटवर बसून मांडीवर ठेका धरायचे.

तो टच स्क्रीनचा टेप मध्येच अडकायला लागला. गाणं थांबलं की आबा माझ्या तोंडाकडे बघत. शेवटी कंपनीच्या साइटवरून अपडेट उतरवून पेनड्राइव्हमध्ये घेतलं. सोबत सूचनांचं हे एवढं लांबलचक पान. कोण वाचतंय! इंजिन चालू ठेवायचं आणि काम होईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, एवढंच मी बघितलं.

रविवारी दुपारी काम लावलं. स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर आली आणि वरून बायकोने हाक मारली, म्हणून गेलो. आबा खाली ओट्यावरच बसले होते. त्यांना सांगायचं तर ओरडावं लागतं. मी कंटाळा केला. आता लूमवाल्यांची एक सवय असते. मशीन चालू आणि जवळ माणूस नाही, तर आधी मशीन बंद करायचं, विचारपूस नंतर. त्यामुळे कितीकांची बोटं वाचलीत. मी परत आलो तर आबा किल्ली हातात घेऊन उभे, आणि स्क्रीन काळी.

"आबा, हाई काय करी टाकं! आईचा आवाज घालवला तुम्ही!"

मी बोंबललो. ते मात्र त्यांना पहिल्याच दमात ऐकू आलं. किल्ली माझ्या हातात देऊन ते गुपचूप जिना चढून गेले.

पर्वत पाटिया भागातल्या एका टेपच्या दुकानदाराने दोन दिवसांनी टेप चालू करून दिला. मेमरी कोरी. मी म्हाताऱ्यावर खापर फोडायला लागलो, तर तो गुजरातीत म्हणाला, अहो, अपडेट पूर्ण झालं असतं तरी मेमरी पुसलीच गेली असती. आधी सगळं कॉपी करून ठेवा, असं सूचनांच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलंय. त्याने मला ती ओळ दाखवली. स्वतःची एवढी किळस मला कधीच आली नव्हती.

घरी आलो तेव्हा आबा ताटावर बसले होते, घास तसाच हातात. गाणी गेली, हे माझा चेहरा बघूनच समजले.

"मन्ही चूक व्हयनी रे भाऊ," म्हणाले.

आणि मी नालायकाने मान हलवली. हो म्हणून.