बाणाच्या तीन चकरा

छावणीतल्या खंडेराव फोटोवाल्याकडे लोक जायचे ते घरातलं माणूस गेल्यावर. लग्नाच्या गर्दीतून आजोबांचा चेहरा वेगळा काढायचा, मागे निळं आभाळ लावायचं, अंगात कोट चढवायचा आणि दहाव्याच्या आत फ्रेम हातात द्यायची. आजोबांनी जन्मात कोट घातला नसला तरी कुणी तक्रार करत नसे. पाचोडपासून गंगापूरपर्यंत कितीतरी भिंतींवर त्याने केलेले फोटो हार घालून टांगलेले आहेत.

स्वतःच्या मुलीचा तसा फोटो मात्र त्याने केला नाही. घरात दोघंच बापलेक. अपेक्षा पुण्यात नोकरीला लागली, तरी तिथून नेटवरून बापाच्या संगणकात शिरायची आणि त्याचं अडलेलं काम करून द्यायची. इकडे पडद्यावरचा बाण आपोआप हलायचा. कामाआधी ती तो तीनदा गोल फिरवायची, म्हणजे आले हो आबा. दोन वर्षांपूर्वी ती डेंग्यूने गेली. दुरून शिरायची सोय खंडेरावने चालूच ठेवली.

माझं संगणक दुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच. मी त्याला शंभरदा बजावलं, "भाऊ, तुमची सिस्टीम जुनी झाली. त्या दुरून शिरायच्या सोयीतच मोठं भोक निघालंय. पासवर्ड नसला तरी कुणीही आत येतंय. फोटो दुसरीकडे ठेवू, आणि नेटची वायर तरी काढा."

"वायर काढल्यावर ती यायची कुठून?" एकदा तो म्हणाला.

मी भडकले. गेलेलं माणूस वायरीतून येत नसतं, असं तोडून बोलले. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

गेल्या गुरुवारी भर दुपारी त्याच्याकडे गेले, तर तो पडद्यासमोर हात जोडून बसलेला. माऊस टेबलावर तसाच पडलेला आणि बाण हलत होता. एकेक फोल्डर उघडत होतं, मिटत होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही अपेक्षाच वाटली. मग भानावर आले आणि वायर उपटली.

तोवर उशीर झाला होता. सगळे फोटो कुलूपबंद झाले होते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. अपेक्षाच्या बारशापासूनचे फोटो त्यातच होते. त्याच्या बटणांच्या फोनमध्ये एकही नव्हता. मी तिन्हीसांजेपर्यंत खटपट केली, काही हाती लागलं नाही.

"भाऊ, तुम्हाला खरंच ती वाटली?"

"नाय ताई. बाण सरळ फोल्डरवर गेला. तीन चकरा मारल्याच नाय. मला तवाच कळलं, ही आपली पोरगी नव्हं."

"मग वायर का नाही काढलीत? हाताशीच तर होती."

त्याने मी उपटलेली वायर उचलून काळ्या पडद्याशेजारी ठेवली.

"लई दिवसांनी हलत व्हता," म्हणाला. "थांबवू वाटंना."